कोलोनच्या आजींचा शुक्रवार आणि आपला बटाट्याचा कीस

डिसेंबरात जर्मनीत बॉनला मावसबहिणीकडे गेले होते, तिथून ट्रेनने अर्ध्या तासात कोलोन. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोरच कॅथेड्रल, 157 मीटर उंच, 1248 साली बांधायला घेतलेलं ते 1880 साली पूर्ण झालं, मान वर करून बघतच राहावं असं. पण शेजारच्या ख्रिसमस मार्केटातून तळणीचा वास आला आणि पाय तिकडेच वळले.

राइबेकूखेन, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले चपटे वडे! जर्मनमध्ये राइबेन म्हणजे किसणं, कूखेन म्हणजे केक, आणि कोलोनच्या बोलीत त्यालाच रीफकोखे म्हणतात. कागदी प्लेटमध्ये गरमागरम तीन आले, कडा जाळीदार कुरकुरीत, आत मऊ, आणि सोबत सफरचंदाचा गोड गर. तळलेल्या बटाट्याबरोबर गोड कसं लागेल असं वाटलं होतं, पण त्या आंबटगोड गराने तेलकटपणा कसा पटकन निघून जातो ते दुसऱ्या घासाला कळलं. काही जण काळा राय ब्रेड आणि बीटाचा काकवीसारखा पाकही घेतात.

खरी मजा शुक्रवारी आली, बहिणीच्या शेजारच्या आजींनी घरी बोलावलं, त्या मूळच्या कोलोनच्याच. बटाटे कच्चेच किसायचे, किसल्या किसल्या घट्ट पिळायचे नाहीतर काळे पडतात, मग कांदा, अंडं, मीठ, थोडंसं पीठ. पिळलेलं पाणी त्यांनी टाकलं नाही! दहा मिनिटांनी वरचं पाणी ओतलं आणि तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व परत किसात घातलं, त्याने मिश्रण धरून राहतं. आपण वाळवणाचा कीस करताना नेमकं हेच सत्त्व धुवून काढतो ना.

मी विचारलं, आज मुद्दाम का? तर म्हणाल्या, शुक्रवारी मांस खायचं नाही ही कॅथलिक रीत, म्हणून त्यांच्या आईच्या घरी शुक्रवार म्हणजे रीफकोखे. मला एकदम आमचा चतुर्थीचा कीस आठवला, जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, तूप. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतला, आपला तर शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, आणि दोन्हीकडे तो देवाधर्माच्या दिवशीच्या ताटात जाऊन बसला, हे मला फार भारी वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी आजींच्या स्वयंपाकघरात आपला कीस केला, कांदा न घालता. आजींनी चवीने खाल्ला, फक्त दही बाजूला ठेवून सफरचंदाचा गर घेतला.