अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद लिहिताना

मोर्चाला पाचशे माणसं जमतात, निवेदन द्यायला पन्नास येतात. फिर्यादीशेजारी ठाण्यातल्या बाकड्यावर चार तास बसायची वेळ आली की मात्र कार्यकर्ते शोधावे लागतात. अ‍ॅट्रॉसिटीची, म्हणजे अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याखालची, केस उभी राहते की बसते, हे बहुतेक वेळा त्या चार तासांतच ठरतं. पुढे साक्षीच्या वेळी आरोपीचा वकील पहिल्यांदा हातात घेतो तो एफआयआरचा कागद, आणि त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहिलंय यावरच तो दोन तास घालवतो. म्हणून हे सगळं जरा सविस्तर.

ठाण्यात जाताना फिर्यादीबरोबर दोघं पुरेत. एक कायदा माहीत असलेला, एक घरातला किंवा विश्वासातला. फिर्यादी बाई असेल तर सोबत बाई हवीच. शंभर जणांचा जमाव नेला की साहेब फिर्याद बाजूला ठेवून ‘कायदा व सुव्यवस्था’ बघायला लागतात. बऱ्याच जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश पुन्हा पुन्हा निघत असतात, त्यामुळे कार्यकर्त्यांवरच कलम १३५ चा गुन्हा दाखल होतो आणि पुढचा आठवडा आपल्याच पोरांच्या जामिनात जातो.

निघण्याआधी घरी अर्धा तास काढून कागदावर घटनाक्रम उतरवून घ्या, फिर्यादीच्याच शब्दांत. किती वाजता, कुठे, कोण कोण होतं, आधी कोण काय बोललं, मग काय झालं. शब्द तुमचे घालू नका. कार्यकर्त्यांची भाषणाची भाषा फिर्यादीत शिरली की उलटतपासणीत ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ हा प्रश्न ठरलेला.

आता मुख्य मुद्दा. ठाणे अंमलदाराच्या बोटांत एक साचा बसलेला असतो: ‘वरील तारखेस, वेळी व ठिकाणी यातील आरोपी मजकूर याने फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.’ हे वाक्य जसंच्या तसं टाईप झालं तर निम्मी केस तिथेच गेली असं समजा. ‘जातिवाचक शिवीगाळ’ हा निष्कर्ष झाला. काय बोलले ते त्यात कुठेच नाही. त्याऐवजी असं यायला हवं: ‘सकाळी साडेसातच्या सुमारास मी ग्रामपंचायतीच्या नळावर हंडा भरत असताना, आमच्याच गावात राहणारा व मला आणि माझ्या घरच्यांना लहानपणापासून ओळखणारा अमुक तिथे आला व मोठ्याने म्हणाला, “ए महारांनो, पायरी विसरलात का, आमच्या आधी पाणी भरता?” असं म्हणून त्याने माझा हंडा लाथेने पाडला. त्या वेळी नळावर अमुक व तमुक पाणी भरत होते, त्यांनी हे पाहिलं व ऐकलं.’

या एका परिच्छेदात किती गोष्टी बसल्या बघा. जातीचं नाव घेऊन शिवीगाळ म्हणजे कलम ३(१)(एस). अपमान करण्याच्या हेतूने बोलणं म्हणजे ३(१)(आर). सार्वजनिक पाणवठ्यावर अडवलं म्हणजे ३(१)(झेडए). ‘मला व माझ्या घरच्यांना ओळखणारा’ हे शब्द कलम ८ साठी: आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असंच न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. आणि नळावरची दोन नावं ‘पब्लिक व्ह्यू’साठी, म्हणजे अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवायला. शिवी उच्चारायला फिर्यादीला लाज वाटते, विशेषतः बायकांना. समजावून सांगा, पण शब्द बदलू देऊ नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जे बोललं गेलं तेच यायला हवं.

‘पब्लिक व्ह्यू’वर फार केसेस पडतात. हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेल्या अपमानाला (आर) आणि (एस) ही दोन पोटकलमं लागत नाहीत. त्याआधी स्वरण सिंग प्रकरणात, २००८ मध्ये, घराबाहेरची पण रस्त्यावरून दिसणारी जागा चालते असं म्हटलं होतं. म्हणून जागेचं वर्णन नीट हवं: अंगण होतं की ओसरी, रस्ता किती जवळ, कोणाला दिसत होतं. साक्षीदार फक्त सख्खे नातलग असतील तर केस लंगडी होते. त्यांच्याशिवाय कोणी होतं का, हे पुन्हा पुन्हा विचारा.

शिवीवरच सगळी केस उभी करायची आपल्याकडे वाईट सवय आहे. शिवीच्या मागे बहुतेक वेळा जमीन, पाणी, मजुरी, निवडणूक किंवा लग्नाची वरात असते, आणि कायद्यात त्यांची वेगळी पोटकलमं आहेत: जमिनीवरून हुसकावणं, मतदानात दमदाटी, गाव सोडायला लावणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार, पुतळ्याची किंवा प्रतिमेची विटंबना. यातल्या बऱ्याच गोष्टींना ‘पब्लिक व्ह्यू’ची अटच नाही. मारहाण असेल तर ३(२)(व्हीए) तपासा. २०१६ पासून त्यासाठी ‘जातीच्या कारणावरून’ मारलं हे दाखवावं लागत नाही, जात माहीत असून मारलं एवढं पुरतं. किराणा बंद, दळण बंद, मजुरीला बोलावणं बंद असा प्रकार असेल तर कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या दुकानात, तेही लिहून घ्या.

जातीचा उल्लेख दोन्ही बाजूंचा लागतो. फिर्यादी अमुक जातीचा, ती अनुसूचित जातीत किंवा जमातीत मोडते. आणि आरोपी त्या प्रवर्गांतला नाही. दुसरं वाक्य हमखास राहतं. आपल्याकडे आणखी दोन गुंते आहेत. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत धरलं, पण शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’ असेल तर पुढे वडील-आजोबांच्या नोंदीतली मूळ जात दाखवावी लागते. आणि भटक्या-विमुक्तांना सरसकट हा कायदा लागू नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातींत. एकच समाज, जिल्हा बदलला की संरक्षण गेलं. कायद्यातली ही विसंगती मला कधीच पटलेली नाही, पण फिर्याद देताना ती ध्यानात ठेवावीच लागते. एफआयआर नोंदवायला मात्र जातीचा दाखला लागत नाही. ‘आधी दाखला आणा’ म्हणाले तर ती टोलवाटोलवी आहे.

टोलवाटोलवीचे प्रकार ठरलेले आहेत. ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’: अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे दखलपात्र आहेत, एनसीचा प्रश्नच येत नाही. ‘डीवायएसपी साहेब आले की बघू’: तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, गुन्हा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानेच नोंदवायचा. ‘आमची हद्द नाही’: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता नोंद करावी लागते, मग ती वर्ग होते. सगळ्यात लबाड उत्तर म्हणजे ‘अर्ज द्या, चौकशी करून सांगतो’. कराडच्या एका प्रकरणात २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली, २ एप्रिलला भारत बंद झाला, आणि त्याच वर्षी संसदेने कलम १८ए घालून ती वाट बंद केली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने १८ए कायमही ठेवलं. आता नव्या संहितेत तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची जी सोय आहे, ती पुढे केली जाते. हा विशेष कायदा आहे आणि कलम २० प्रमाणे तो इतर कायद्यांवर मात करतो, हे शांतपणे सांगा. १८ए ची छापील प्रत खिशात असावी. मोबाईलवर दाखवलेलं कोणी वाचत नाही.

तरी ऐकलं नाही तर भांडत बसू नका. त्याच दिवशी लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. पुढे शपथपत्रासह न्यायालयात जाता येतं. विशेष न्यायालयाला थेट दखल घ्यायचाही अधिकार २०१५ च्या दुरुस्तीने दिला आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ आहे, सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. पण ते लागायला प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते आणि अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ते लागतच नाही. त्यामुळे ‘कलम ४ लावीन’ ही धमकी जपून द्या.

सहीची घाई हा दुसरा सापळा. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, शेवटची एसटी गेलेली असते, प्रिंट समोर येते आणि ‘इथे, इथे, इथे’ म्हणत बोट दाखवलं जातं. सहीआधी फिर्याद वाचून दाखवणं ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारी आहे. वाचून घ्या, मोठ्याने. पोटकलमांची अक्षरं बघा, सगळ्या आरोपींची नावं बघा, घटनेची वेळ आणि खबर मिळाल्याची वेळ बघा. उशीर झाला असेल तर का झाला ते फिर्यादीतच हवं: गावात दहशत होती, गाडी मिळाली नाही, आधी दवाखान्यात गेलो. क्रॉस केस, म्हणजे आरोपीकडून आपल्यावर उलट केस, बहुधा त्याच दिवशी पडते, चोरीची किंवा विनयभंगाची, तेव्हा या वेळा फार कामाला येतात. राहिलेलं पुरवणी जबाबात घालता येतं, पण वकील त्याला ‘नंतर सुचलेलं’ म्हणतो. प्रत फुकट आणि लगेच मिळायला हवी. ती घेतल्याशिवाय उठू नका.

जखम असेल तर पोलिसांची यादी (तपासणीसाठीचं पत्र) घेऊन सरकारी दवाखान्यात. खाजगी डॉक्टरकडे आधी टाके घालून गेलात तर त्याचे कागद तरी न्या. ‘कसं लागलं’ या रकान्यात डॉक्टर ‘मारहाण’ एवढंच लिहितो. कोणी मारलं आणि कशाने, हे फिर्यादीने स्वतः सांगून लिहून घ्यायचं. व्हिडिओ असेल तर ज्या फोनवर काढला तो फोन तसाच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली कॉपी म्हणजे मूळ पुरावा नव्हे, आणि गाणं लावलेली क्लिप तर उलट आरोपीच्या उपयोगाची.

मदतीचे पैसे समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयातून येतात. नियमाप्रमाणे सात दिवसांत तातडीच्या मदतीची व्यवस्था व्हायला हवी. २०१६ च्या दरांनुसार अपमानाच्या गुन्ह्याला एक लाख: पंचवीस टक्के एफआयआरवर, पन्नास टक्के दोषारोपपत्रावर, पंचवीस टक्के शिक्षा झाल्यावर. खुनात सव्वाआठ लाख, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्रावर. इथे मात्र जातीचा दाखला लागतोच, म्हणून दुसऱ्याच दिवशी प्रांत कार्यालयाच्या मागे लागा. हे पैसे आले की गावात ‘पैशासाठी केस केली’ ही कुजबुज सुरू होते. फिर्यादीच्या कानावर ती पडायच्या आत आपण सांगितलेलं बरं.

मग जामीन. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची बंदी आहे, पण न्यायालय आधी फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का ते बघतं, म्हणजे गाडी पुन्हा त्या पहिल्या कागदावर. कलम १५ए प्रमाणे पीडिताला प्रत्येक सुनावणीची नोटीस आणि म्हणणं मांडायचा हक्क आहे. हे बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्षात संध्याकाळी शिपाई घरी येतो, कागदावर सही मागतो, आणि त्यावर ‘माझे काही म्हणणे नाही’ असं लिहिलेलं असतं. फिर्यादीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: नोटीस मिळाल्याची सही तारीख घालून करायची, बाकी एक शब्द नाही, आणि कागदाचा फोटो काढायचा.

दोषारोपपत्राची मुदत साठ दिवस. तपास डीवायएसपीऐवजी खालच्या अधिकाऱ्याने केला तर तेवढ्यावरून आरोपी सुटू शकतात, म्हणून नेमणुकीचा आदेश दोषारोपपत्रात लागलाय का ते बघा. आणि निकाल कितीही मोठा लागला तरी जातीचा मुद्दा टिकेलच असं नाही. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, पण अ‍ॅट्रॉसिटीचा आरोप सिद्ध मानला नाही. त्यामुळे निर्दोष सुटला म्हणजे केस खोटी होती, असं सर्रास बोलणाऱ्यांनी एकदा दोषारोपपत्रं उघडून बघावीत. निम्म्या ठिकाणी साक्षीदार फितूर झालेला दिसेल, आणि तो का फितूर झाला हे गावात कोणालाही विचारा.

तो ज्याच्या रानात कामाला जातो, त्याच्याविरुद्धच त्याला साक्ष द्यायची असते. तारखेच्या दिवशी मजुरी बुडते, तालुक्याचं भाडं जातं, आणि वकील आला नाही म्हणून पुढची तारीख पडते. नियम ११ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना येण्या-जाण्याचं भाडं आणि किमान वेतनाइतका भत्ता मिळतो. फार कमी लोक तो मागतात. तारखेला हजर असल्याची न्यायालयाची नोंद आणि एसटीचं तिकीट जपून ठेवा, अर्ज त्याच दिवशी द्या. थकलेल्या केसेस आणि अडकलेले भत्ते यांची यादी जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपुढे ठेवा. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि तीन महिन्यांतून एकदा बैठक व्हायलाच हवी. झाली नसेल तर मागच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच पुढच्या बैठकीची तारीख निघते.