होय, भूगोलासाठी कादंबरीच

"सर, भूगोलाचं पुस्तक सांगा म्हटलं तर कादंबरी काय हातात ठेवता?" पालक विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात, गणपतीला मुंबईहून आलेले जुने विद्यार्थी तर आरती संपली की हमखास. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पर्जन्यछायेची व्याख्या आमच्या मुलांना तोंडपाठ असते. इथे कोकणात, आमच्या खेड तालुक्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, घाटापलीकडे पर्जन्यछायेतल्या माणदेशात 500 च्या आसपास, हेही घडाघडा येतं. पण तो 500 सुद्धा चुकला की अख्खी वस्ती मेंढरं हाकत उठते, हे आमच्या चिखलातल्या पोराला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'शिवाय कोण सांगणार? दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' देतो ते झाडांकडे महिन्यामहिन्याने बघायची सवय लागावी म्हणून. ते पुरं कुणी वाचत नाही. चालतं.

पंचाईत आहे ती श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची. जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याच्या (खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा, गावात जमीनदारच) चार पिढ्या, दोन जाडजूड खंड, आणि गाव आमच्याच तालुक्यातलं. मी ते मोठ्या ऐटीत देत असे. नववीतल्या एका मुलीला दिलं, तर काही दिवसांनी तिचे आजोबाच शाळेत हजर. पुस्तक पिशवीत नीट गुंडाळलेलं. नात रोज रात्री वाचून दाखवत होती म्हणे. मला वाटलं, तक्रार येणार: पोरींना असली पुस्तकं देता वगैरे. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

आजोबा बाकावर टेकले. म्हणाले, "गुर्जी, नदी बरोबर हाय. पन आमी ती खोताच्या अंगणाखालनं बघितलेली. ती यात नाय." मग बापाचं सांगत बसले. पाऊस लागला की आधी खोताच्या भाताची लावणी, तीही फुकट. स्वतःच्या खाचराकडे वळेपर्यंत रोपं जून झालेली. पिकलेल्यातलंही निम्मं वरच्या घरी. घंटा झाली तरी मला उठवेना.

मी बचाव केलाच. कादंबरी म्हणजे काही जमाबंदी, सरकारी जमीन-साऱ्याची नोंद, नव्हे. खोती रद्द करायचं विधेयक बाबासाहेबांनी 1937 साली मांडलं, कायदा 1949 चा, हे मी वर्गात सांगतो. आजोबांनी विचारलं, "ता परीक्षेच्या पेपरात येतं का?"

पूर्वीचा मी अजून भांडतो माझ्याशी. गोष्ट खोताच्या ओटीवरून सांगितली, मग बिघडलं कुठे? नदी खरी, भरती खरी; भूगोलाला आणखी काय हवं? म्हणणं खोटं नाही. पण कुणाच्या खाचरात आधी लावणी होते हाही भूगोलच, आणि तो ना पाठ्यपुस्तकात सापडतो ना मी दिलेल्या दोन खंडांत आजोबांना सापडला.

पुस्तक देणं मी थांबवलेलं नाही. सोबत घरचा जुना सातबारा आणायला सांगतो: कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या, रकान्यात कुणाचं नाव होतं, फेरफार कधी पडला, मुलांनी शोधावं. तर आता पालक त्यावरून येतात. "सातबारा शाळेत कशाला, सर? चुलत्यांशी दावा चालू आहे." त्यांचंही बरोबर. या वर्षी म्हटलं, चुलत्यांची नावं झाकून झेरॉक्स आणा. निम्म्या वर्गाची अजून यायची आहे.