माझ्या बोटांच्या मापाचा कीबोर्ड

आज कोथरूडला मित्राकडे माझ्या हाताच्या मापाने केलेल्या कीबोर्डवर पहिल्यांदा टाईप केलं, तासभर, आणि मनगट ठणकलं नाही यार!! दोन वेगळे भाग आहेत, खांद्यांइतक्या अंतरावर ठेवायचे म्हणजे मनगटं करंगळीकडे वाकत नाहीत, आणि बटणं सपाट नाहीत, वाटीसारखी खोलगट बसवलीयेत, मधल्या बोटाची उभी रांग सगळ्यात खोल, करंगळीची वर उचललेली, स्पेस एंटर अंगठ्याखाली. डॅक्टिल नावाचं ओपन सोर्स (कुणालाही घेऊन बदलता येणारं) डिझाईन आहे, त्यात माझी मापं टाकून थ्रीडी प्रिंट काढली, डायोड नि वायर तपकीर गल्लीतून, सोल्डरिंग सगळं मित्राने केलं.

नेहमीच्या कीबोर्डच्या तिरक्या रांगा जुन्या टाईपरायटरच्या दांड्यांना जागा हवी म्हणून आल्या, दांड्या केव्हाच गेल्या, त्रास आपल्या मनगटांना राहिला, आणि आपण हे अजून चालवून घेतो, ते मला खरंच पटत नाही.

आणि मराठी तर यावर मस्तच बसतं! इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिपींच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात.

बोटं बधीर होत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, कार्पल टनेल नावाच्या मनगटाच्या दुखण्यात नस दबलेली असते, नुसत्या कीबोर्डवर विसंबू नका. डीटीपीवाल्या मैत्रिणींनो, करून बघायचा असेल तर घरी या, मी घेऊन आलेय.