बाईकचं तोंड आल्या वाटेकडे

मोटारसायकल सहलींचा मोसम सुरू होण्याआधी रस्त्याची पाहणी करणं हे माझं काम. बर्फ कुठवर हटलाय, ओढ्यांनी वाट कुठे खाल्लीय, दरड कुठे बसलीय हे एकटीने जाऊन बघायचं आणि ऑफिसला सांगायचं की ग्रुप नेता येईल की नाही. पाहुणे ज्या बाईक चालवतात तीच मी नेते. हलकी नेली तर पाहणी फुकट. बीएमडब्ल्यूची खडबडीत वाटांसाठीची बाईक म्हणजे जीएस; 1980 सालची पहिली जीएस दोनशे किलोंच्या आत होती. आमची 1250 सीसीची जीएस पेट्रोलसकट 249 किलो भरते, वर दोन्ही बाजूंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि सामान. रस्त्यावर हे वजन कळतही नाही. कळतं ते आडवं झाल्यावर.

ही खिंड साडेचार हजार मीटरच्या आसपास, डांबराचा पत्ता नाही, मशीनने बर्फ नुकताच बाजूला केलेला. पहाटे निघाले. उन्हाबरोबर बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढे असलेले ओढे दुपारी मांडीपर्यंत येतात, म्हणून अशा रस्त्यावर उशीर परवडत नाही. पायथ्याशी टायरमधली हवा कमी केली होती. वर पोचेपर्यंत ती पुन्हा तपासावी लागते. बाहेरच्या हवेचा दाब घटतो तसा टायर आतून कडक होत जातो. अडीच हजार मीटर चढलात तर गेजवर दाब तीनेक पीएसआय जास्त दिसतो. थंडी त्यातला थोडा परत घेते, सगळा नाही.

चढ तसा ठीक गेला. खालचा टप्पा मुरुमाचा, पुढे मुठीएवढे सुटे दगड. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, हात सैल ठेवायचे, नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा) ऑफरोड मोडवर, मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद. या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 63 टक्के असते. फ्युएल इंजेक्शनची बाईक पेट्रोल त्या मानाने आपोआप कमी सोडते, पण नसलेला ऑक्सिजन आणणार कुठून? खाली जे वळण दुसऱ्या गिअरवर सहज निघतं तिथे वर पहिला गिअर आणि हाफ क्लच लागतो.

शेवटच्या काही वळणांपैकी एकात, उजवीकडे वळून वर निघतानाच, मागच्या चाकाखालचा दगड निसटला. चालण्याच्या वेगात होते. बाईक उजवीकडे, दरीच्या बाजूला झुकली आणि मी तिला सोडून बाजूला झाले. ते फार आधीच शिकलेय. अडीचशे किलो पायाने तोलायला गेलात तर पायच जातो. क्रॅशगार्डवर ती नीट टेकली, सेन्सरने इंजिन बंद केलं.

खरी अडचण पडण्याच्या पद्धतीत होती. चाकं चढाकडे, हँडल उताराकडे. अशी बाईक उचलायची म्हणजे ती जमिनीला समांतर येईपर्यंतच दम संपतो. दुसरा माणूस असता तरी मी प्रयत्न केला नसता. आधी ती पडल्या पडल्या फिरवायची. पेट्या काढल्या, हेल्मेट काढलं आणि क्रॅशगार्डच्या टेकूवर तिला फिरवायला पुढचं चाक खालच्या बाजूला ओढत राहिले. एका ओढीत वीतभर. मग कमरेवर हात ठेवून श्वास. पुन्हा वीतभर. या उंचीवर माणसाचंही इंजिनासारखंच होतं, फक्त आवाज जास्त येतो. पेट्रोल गळत नाही ना, तेवढं अधूनमधून बघत होते.

ती उताराच्या रेषेत आली तेव्हा पहिला गिअर टाकला, पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून बांधला आणि साइड स्टँड उघडला. उजवीकडे पडली होती हे नशीब. स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे उभी होऊन पलीकडे कलली तर झेलायला काहीतरी होतं. हँडल पूर्ण वळवून खालची मूठ टाकीजवळ घेतली, दुसरा हात मागच्या रॅकला, पाठ सीटला टेकवली आणि छोटी पावलं मागे टाकत पायांनी ढकललं. पाठ वाकवून उचलणारे लोक मी बघितलेत. पुढचे आठ दिवस ते जीपमध्ये बसतात.

बाईक उभी राहिली. तोंड आल्या वाटेकडे. खाली जाणं सोपं होतं, आणि तासाभराहून जास्त वेळ या वळणात गेला होता, म्हणजे पलीकडचा ओढा आता चढत असणार. पण तो ओढा न बघता दिलेला अहवाल अर्धाच. खालच्या रुंद जागेपर्यंत गेले, बाईक वळवली, पायी येऊन वळणातले मोठे दगड बाजूला केले, पेट्या वरच्या सपाटीवर नेऊन ठेवल्या आणि तेच वळण बाहेरच्या बाजूने घेतलं. या खेपेला निघालं.

माथ्यावर थांबले नाही. उतरण्याआधी एक काम केलं: चावी बंद-चालू झाल्यामुळे एबीएस आपोआप मूळ सेटिंगवर आलं होतं, ते पुन्हा बदललं. खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू दिलं तरच बाईक थांबते. एबीएस सारखं ब्रेक सोडत राहिलं तर ती नुसती जात राहते.

ओढा गढूळ, गुडघ्याच्या खाली. बूट भरून पायी आरपार गेले, काठीने तळ चाचपला. पाण्याखाली दगड गडगडण्याचा आवाज येत असेल तर मी बाईक आत घालत नाही, तिथे प्रवाह चाकंच उचलतो. आवाज नव्हता. पहिल्या गिअरवर, एका लयीत, थांबा न घेता पार केला. अर्ध्या तासाने तो कसा झाला हे बघायला मुद्दाम काठावर बसून राहिले. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि गडगडाट स्पष्ट ऐकू येत होता.

रेंजमध्ये आल्यावर ऑफिसला फोन केला. सॅटेलाइट ट्रॅकरवर माझा ठिपका एका वळणात तासभर हललेला नव्हता. त्यांना वाटलं, मी फोटो काढतेय.

अहवालात लिहिलं: खिंड चालू, सकाळी दहाच्या आत ओढा पार, त्या वळणावर आपली दोन माणसं उभी, आणि मोठ्या बाईकवर मागे कोणी बसणार नाही. शेवटची अट त्यांना पटत नाहीये, कारण बुकिंग बरीचशी जोडप्यांची आहेत. वाद अजून चालू आहे. मी म्हटलंय, पुढच्या पाहणीला तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या मागे बसा.