जुनी डॉलरची नोट सापडली? आधी बँक कुठली ते सांगा

1929 ची दहा डॉलरची नोट, तपकिरी शिक्का, वर नॅशनल करन्सी छापलेलं, असा फोटो इथे अमेरिकेत कोणी ना कोणी ओळखीचं पाठवतंच मला आणि खाली एकच प्रश्न, केवढ्याला जाईल रे? वर्ष जुनं म्हणजे घबाड, हे डोक्यात पक्कं. मी उलट विचारतो, बँक कुठली?

कारण 1863 ते 1935 इथल्या हजारो बँका स्वतःच्या नावाने नोटा काढायच्या, म्हणजे बँकेने सरकारी बाँड तारण ठेवायचे, मग नोटा सरकारकडून छापून यायच्या आणि त्यावर बँकेचं नाव, गाव आणि चार्टर नंबर, म्हणजे सरकारी परवान्याचा त्या बँकेचा क्रमांक. सगळी गंमत त्या नंबरात आहे. न्यूयॉर्कच्या चेस नॅशनलची नोट, चार्टर 2370, ढिगाने मिळते, वापरलेली असेल तर साधारण शंभर डॉलरच्या आतच. आणि एखाद्या खेड्यातल्या बँकेची तशीच चुरगळलेली नोट, जिच्या दोन-चारच शिल्लक असल्याचं कलेक्टर मंडळींना माहितीये, ती हजारोंत जाऊ शकते. वर्ष तेच, नोटेवरचे हॅमिल्टनसाहेब पण तेच!

त्यात फेडरल रिझर्व्ह बँकेच्या, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या, नोटेने घोळ होतो, कारण तिच्यावरही तपकिरी शिक्का आणि नॅशनल करन्सी असतंच, पण चार्टर नंबर नसतो, त्याऐवजी ठसठशीत काळं अक्षर असतं. खऱ्या नॅशनलवर, म्हणजे अशा एकेका बँकेच्या नोटेवर, चार्टर नंबर फक्त काळ्या शाईत दोनदा असेल तर टाइप वन, आणि सिरीयल नंबरच्या शेजारी तपकिरी शाईत आणखी दोनदा असेल तर टाइप टू, ही 1933 पासूनची.

1929 च्या आधीच्या नोटा आकाराने मोठ्या, मला त्याच जास्त आवडतात. त्यावर बँकेचा कॅशियर आणि प्रेसिडेंट बऱ्याचदा पेनाने सह्या करायचे, काही ठिकाणी रबरस्टँप. ती शाई उडते, आणि मग कोणीतरी हुशार माणूस उडालेली सही परत गिरवतो किंवा नोट धुऊन इस्त्री करतो, म्हणजे संपलंच. मळकी असू दे, हात लावू नका.

किंमत कळावी म्हणून ईबेवर लोक काय मागतायत ते बघून काही उपयोग नाही, तोंडाला येईल तो आकडा टाकतात. त्याच चार्टरची, त्याच टाइपची नोट लिलावात खरंच कितीला गेली ते शोधा, हेरिटेज या लिलाव कंपनीच्या साइटवर जुने निकाल आहेत. आणि मला फोटो टाकणार असाल तर दोन्ही बाजूंचे टाका, उजेडात, लॅमिनेट न करता प्लीज.