एक मोजा हरवलाय

दिवाळी झाली की बेळगावात संध्याकाळी साडेपाचलाच गार वारं सुटतंय आणि नेमकं तेव्हाच आमच्या बाळाला घरात थांबायचं नसतंय, मग काय, कानटोपी घालून बाबागाडी बाहेर. फुटपाथचं तर नावच काढू नका, कुठं फरशी उचकटलेली, कुठं बुलेट लावलेली, पुढची चाकं उचलून गाडी ढकलायची सवयच झालीय आता. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत शिरलं की मात्र सुख!! वाळक्या पानांवरनं चाक गेलं की जो कुर्रकुर्र आवाज होतोय ना, त्याला पठ्ठ्या पाय झाडून हसतोय, म्हणून मी मुद्दाम पानांवरनंच नेते. आणि आज्ज्या तर थांबवणारच. एकीनं कन्नडमधनं विचारलं "एष्टु तिंगळु?", म्हणजे किती महिन्यांचा, मी बोटं दाखवत "आठ" म्हटलं, तर तिनं लगेच टोपी कानाखाली ओढून दिली. दुसरी म्हणते, "अगं, पायात एकच मोजा की ग!" दोन होते ओ आज्जी, एक साहेबांनी काँग्रेस रोडवर टाकला. 1924 च्या गांधीजींच्या अधिवेशनाचं नाव लागलेला रस्ता, तिथं आमचा मोजा पडलाय. पिवळा आहे, बदकाचं चित्र. दिसला तर सांगा की.