ससं उठलं आणि दोरी सुटली

पंधरा दिवसांमागं रविवारी सकाळी आमचा शिकारी कुत्रा सरजा माझ्या हातातून सुटला. तुरीच्या कडेकडेनं त्याला फिरवत होतो. दव इतकं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. पुतण्या मागून मोबाइल बघत येत होता. धुऱ्यावरच्या वाळक्या कुसळीत, अगदी दोन हातांवर, ससं उठलं. मला दिसायच्या आत सरजाला दिसलं. दोरी तळहातातून अशी गेली की दोन दिवस भाकरी मोडताना आग होत होती.

"काका, धरतंय बघा! थांबा, रील काढतो."

"मोबाइल खिशात ठेव आधी," मी ओरडलो आणि सरजाला हाका मारत पळालो. हाका मारून उपयोग नसतो हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. या जातीचं कुत्रं नाकानं नाही, डोळ्यानं शिकार करतं. एकदा नजर बसली की कान बंद.

सरजा अर्धा करवानी, अर्धा ग्रेहाउंड. आई आमच्याकडची, बाप कुणीतरी हौसेनं पाळलेला. आमचा लातूर जिल्हा करवानी कुत्र्यांचा. चाकूर तालुक्यातलं जानवळ तर त्यासाठीच ओळखलं जातं. कारवाँबरोबर, म्हणजे काफिल्यांबरोबर, आलेली म्हणून करवानी, असं म्हातारी माणसं सांगायची. कर्नाटकात तसल्याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं ते मुधोळ नावानं, आणि आमच्या गावात चार दिवस पारावर तोच विषय होता. "कुत्रं आपलं आन् नाव त्येंचं!"

ग्रेहाउंडचं रक्त आलं की वेग वाढतो, पण कातडी पातळ होते. सरजाला थंडीत गोणपाटाचं झूल शिवावं लागतं. त्याच्या आईकडच्या कितव्यातरी पणजीला, म्हणजे आमच्या तांबीला, कधी लागलं नाही. ती कण्या आणि ताकावर वाढली आणि चुलीच्या राखेत झोपली.

तांबी माझ्या चुलत्याची, अप्पांची. १९८४-८५ च्या सुमाराला मी दहा-अकरा वर्षांचा होतो. सुगी सरली की अप्पा भल्या पहाटे तांबीला घेऊन माळावर जायचे आणि मला उठवायचे ते काठीनं हुसकायला. परवान्याशिवाय ससा मारणं तेव्हाही गुन्हाच होता, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पण आमच्या गावात तो कायदा कुणी ऐकलेला नव्हता, आणि ऐकला असता तरी अप्पा थांबले असते का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही लोक रात्री वाघूर लावायचे. अप्पा त्यांना शिव्या द्यायचे. "जाळ्यात काय, म्हातारीबी धरल." मटणाचा वाटा मात्र त्यांच्याकडून आला तर परत पाठवायचे नाहीत.

अप्पांकडं पट्टा-साखळी काही नव्हतं. खांद्यावरचा टावेल तांबीच्या गळ्याखालून घालायचे आणि दोन्ही टोकं एका मुठीत धरायचे. ससं उठलं की एक टोक सोडायचं, बस. पण लगेच नाही. ससं चांगलं शंभर पावलं जाऊ द्यायचे. मी हातघाईवर यायचो, तांबी मागच्या दोन पायांवर उभी राहून कण्हायची, आणि अप्पा शांत. पायाखालची जमीन बघायचे. काळ्या रानात भेगा पडलेल्या असतील तर सोडतच नसत. त्या वेगात भेगेत पाय गेला की कुत्र्याचं हाड काडीसारखं मोडतं.

एकदा मी विचारलं, "अप्पा, सोडा की. काय बघूलालाव?"

"त्याला पुढं जाऊ दे. नाहीतर ती शर्यत कशाची?"

पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं की इंग्लंडात हाच खेळ मोठ्या थाटात चालायचा. लिव्हरपूलजवळ ग्रेट ऑल्टकारला १८३६ पासून वॉटरलू कप नावाची स्पर्धा. दोन ग्रेहाउंड एका पट्ट्यात, ते सोडायला खास माणूस, आणि तोही सशाला आधी लांब जाऊ द्यायचा. पंच घोड्यावर. मला नवल वाटलं ते गुणांचं. ससा मारला म्हणून सगळे गुण नव्हते. कुत्र्यानं सशाला काटकोनात वळायला लावलं की एक गुण. ससा निसटला तरी त्याला जास्त वळवणारा कुत्रा जिंकू शकायचा. तिथंही कायद्यानं ते बंद झालं, फेब्रुवारी २००५ मध्ये. शेवटची स्पर्धा त्याच आठवड्यात झाली.

वळण हीच सगळी गंमत आहे, आणि ज्यानं बघितलं नाही त्याला वेगाचंच कौतुक असतं. ग्रेहाउंड ताशी साठ-पासष्ट किलोमीटर पळतो. एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग गोळा केलेलं असताना आणि एकदा लांबवलेलं असताना. सरळ माळावर तो सशाला गाठतोच. तांबीचं नाक सशाच्या शेपटीला लागलंय, असं मी किती वेळा बघितलंय. आणि तिथंच ससं नाहीसं व्हायचं. एकदम आडवं. तांबी त्याच वेगात दहा-बारा हात पुढं, चारही पाय घासत, धुरळ्याचा पडदा. ती वळून परत वेग धरेपर्यंत ससं पन्नास पावलं गेलेलं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मागून येणारे दात त्याला पळता पळता दिसतात. मागचे पाय लांब, म्हणून चढावर तर ते अजूनच सुटायचं.

शिवाय ते रान ओळखून असायचं. नांगरटीत शिरलं की ढेकळांवर तांबीची बोटं फाटायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे करडई. तेव्हा आमच्याकडं ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या. ससं त्या काट्यांच्या बुडातून सुळकन जायचं आणि तांबी वरून उडी मारायची. घरी आल्यावर मी तिच्या छातीतले काटे बाभळीच्या काट्यानं काढायचो. ती तोंड दुसरीकडं करून बसायची, जशी काही छाती तिची नव्हेच. आता सगळं सोयाबीन. करडई कुठं दिसली तर मी गाडी थांबवतो.

दहातली सात-आठ ससी सुटायची. हे अप्पा गावात सांगायचे नाहीत. पारावर त्यांच्या सगळ्या गोष्टी धरलेल्या सशांच्या. मी सोबत असायचो, पण माझी साक्ष कोण घेतंय. पळाल्यावर तांबी पाच मिनिटं नुसती भात्यासारखी हलायची. अप्पा घागरीतलं पाणी आधी तिच्या पंजांवर आणि जांघेत ओतायचे, मग ओंजळीतून थोडं थोडं प्यायला. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे आणि गाढवं बघायला जायचो, तेव्हा तिला सोबत न्यायचो. देवाच्या पायाशीच कुत्रा आहे म्हटल्यावर तिला कोण अडवणार? वाघ्यानं तिच्या कपाळावर भंडारा लावला की अप्पांचा चेहरा मुलगी उजवल्यासारखा व्हायचा.

तर सरजा. त्या रविवारी त्यानं हरभऱ्यातून सशाला दोनदा वळवलं. मी पळायचा थांबलो होतो. ओरडायचाही. खरं लिहायचं तर तेवढा वेळ मी दहा वर्षांचा होतो आणि "आता, आता!" म्हणत होतो. तिसऱ्या वळणाला शेजाऱ्यानं डुकरांसाठी ओढलेली काटेरी तार आली. ससं खालून गेलं. सरजाला तार शेवटच्या क्षणी दिसली. तो उडाला, पण मांडी घासली गेली. वीतभर कातडी लोंबत होती. सात टाके पडले. डॉक्टरांनी "कशानं झालं?" विचारलं तेव्हा मी "तार लागली" एवढंच म्हणालो. पुतण्या माझ्याकडं बघत होता.

त्याला पळायला हवं म्हणून मी गेल्या वर्षी एक खटाटोप केला होता. परदेशात खोट्या सशामागं ग्रेहाउंड पळवतात. तसं जुन्या लुनाचं चाक खांबाला बसवलं, दीडशे मीटर नायलॉनची दोरी आणि टोकाला खताच्या पोत्याची पांढरी पट्टी. पुतण्यानं जोरात चाक फिरवायचं. पहिल्या दिवशी सरजा असा पळाला की मला वाटलं, झालं आपलं काम. दुसऱ्या दिवशीही पळाला. चौथ्या दिवशी अर्ध्यात थांबला, पट्टी सरळ जाताना बघत राहिला आणि लिंबाखाली जाऊन बसला. ती वळत नव्हती. दोन कप्प्या लावून वळवायचा बेत आहे. दोरी पायात येऊन त्याला भाजणार नाही अशी जुळणी अजून सुचलेली नाही.

टाके परवा काढले. आज सकाळी त्याला लंगडत लंगडत बाहेर नेलं. त्याच धुऱ्यापाशी आल्यावर तो थांबला. लंगडणं एकदम बंद, कान मागं, पुढचा एक पाय उचललेला. मला कुसळीशिवाय काही दिसत नव्हतं. मी दोरीचे मनगटाला दोन वेढे घेतले आणि त्याला घराकडं ओढलं.